शिकाऊ मुलांना साइटवर एकटं सोडता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांकडे महाराष्ट्र शासनाचा विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे. एक सुपरवायझर, परमिट असलेले दोन वायरमन, बाकी हेल्पर आणि ऑफिसमधली मंडळी धरून बावीस माणसं. यंदा आयटीआयतून वीजतंत्री झालेली तीन मुलं त्यांनी रीतसर करार करून शिकाऊ म्हणून घेतली आहेत. कामं एकाच वेळी तीन ठिकाणी चालू आहेत. ते विचारतात, एका वायरमनमागे किती शिकाऊ चालतात? सुपरवायझरने रोज साइटवर असलंच पाहिजे, की फोनवर भागेल? आणि पंखा लावणं, एखादा पॉइंट काढणं अशा किरकोळ कामाला मुलाला एकट्याला पाठवलं तर काय अडचण आहे?

आधी थेट उत्तर देतो. एका वायरमनमागे अमुक शिकाऊ, असा आकडा वीजकामाच्या नियमांत दिलेला नाही. फोनवरची देखरेख म्हणजे देखरेख नव्हे. किरकोळ कामाला नियमात सूट आहे, पण ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच लहान आहे, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाच्या बाबतीत मी ती कधीच वापरत नाही. आता कारणं नीट मांडतो. मी बावीस वर्षं सुपरवायझर म्हणून सह्या करतो आहे आणि त्यातली एक सही मला अजून बोचते. तिच्याबद्दल पुढे येईलच.

वीजकाम कोणी करायचं, हे विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षा विनियमांत लिहिलेलं आहे. पहिले विनियम २०१० चे, आता २०२३ चे लागू आहेत. जुने लोक अजूनही ‘रूल पंचेचाळीस’ म्हणतात, तो १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला. नाव आणि क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला. तो गाभा असा: ग्राहकाच्या जागेत नवीन वायरिंग, वाढीव काम, फेरबदल, दुरुस्ती यांपैकी काहीही करायचं तर ते राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराने घ्यायचं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चालवायचं, आणि ज्याच्याकडे परमिट आहे त्याने करायचं. म्हणजे ठेकेदार, सुपरवायझर, वायरमन. नियम केंद्राचे, पण ही तिन्ही कागदपत्रं देणारं राज्य. आपल्याकडे ती अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात, आणि साइटवर येऊन ती मागण्याचा अधिकार विद्युत निरीक्षकाला असतो.

शिकाऊ मुलगा या तिघांत कुठेच बसत नाही. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे परमिट नव्हे. ते शिक्षण झाल्याचा पुरावा आहे, काम करण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. बऱ्याच मुलांना हे माहीत नसतं, त्यांच्या घरच्यांना तर नसतंच. ठेकेदारांनाही माहीत नसावं, हे मात्र मला पटत नाही. मग मुलाने साइटवर करायचं काय? करायचं सगळं, पण ते परमिटवाल्याचं काम म्हणून. त्याने लावलेला स्क्रू, त्याने काढलेला लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी), त्याने सोललेली वायर ही कायद्याच्या लेखी त्याच्या वायरमनने केलेली असते. वायरमन तिथे नसेल तर ते काम कोणाचंच नसतं, आणि काही बिनसलं की ते आपोआप तुमचं होतं.

आकड्याबद्दल एक गोंधळ हमेशा होतो, म्हणून तो इथेच सोडवतो. प्रशिक्षणार्थी अधिनियम, १९६१ खालच्या नियमांत २.५ ते १५ टक्के अशी मर्यादा आहे. तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. तुमची बावीस माणसं, म्हणजे पंधरा टक्क्यांनी तीन मुलं. तुम्ही वरच्या टोकाला टेकला आहात, चौथा घेऊ नका. पण ही मर्यादा आस्थापनेत शिकाऊ किती घ्यायचे याची आहे. एका वायरमनच्या हाताखाली एका वेळी किती द्यायचे, याच्याशी तिचा संबंध नाही. ‘पंधरा टक्क्यांच्या आत आहोत, म्हणजे सगळं नियमात आहे’ असं म्हणणारे ठेकेदार मला भेटतात. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

आकडा नाही, म्हणून मोकळीक आहे असंही नाही. उलट आकडा असता तर तो पाळून सुटता आलं असतं. ‘प्रत्यक्ष देखरेख’ या शब्दांतून तसं सुटता येत नाही. त्याचा अर्थ प्रत्येकाला आपल्या साइटवर, त्या दिवशीच्या कामापुरता लावावा लागतो. मी तो कसा लावतो हे सांगण्यासाठी २०११ च्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगणं भाग आहे.

नाशिकमधल्या एका जुन्या चार मजली इमारतीत आम्ही टप्प्याटप्प्याने वायरिंग बदलत होतो. वरच्या मजल्यावर एक शिकाऊ मुलगा, खाली मी आणि वायरमन. टेम्पो आला होता, गँग बॉक्स आणि पाइप मोजून घ्यायचे होते, म्हणून वायरमनला मी खाली बोलावलं. खोलीची एमसीबी, म्हणजे त्या खोलीची लाइन तोडणारा खटका, बंद केलेली होती. मुलाने टेस्टर लाल वायरला लावला, दिवा लागला नाही. त्याने जे शिकला होता ते केलं. मग जुन्या जंक्शन बॉक्समधला काळ्या वायरींचा जोड त्याने उघडला आणि चिकटपट्टी काढून वायरी सुट्या केल्या.

त्या इमारतीत कधीतरी कोणीतरी जिन्यातला दिवा जवळ पडतो म्हणून या खोलीच्या न्यूट्रलवर घेतला होता. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, दुसऱ्या एमसीबीवरून; न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी काळी वायर, इथून. जोड जागेवर होता तोवर ती काळी वायर शांत होती. जोड सुटल्याबरोबर दिव्याच्या बाजूचं टोक दिव्यातून आलेल्या फेजवर उभं राहिलं. जिन्यातला दिवा विझला, पण तो जिन्यात होता, मुलाला दिसणार कसा? त्याच्या एका हातात ते टोक आणि दुसरा हात लोखंडी बॉक्सवर. अशा वेळी दिवा करंट अडवेल असं वाटतं. दिव्याचा रोध माणसाच्या शरीराच्या रोधापुढे फारच कमी असतो, तो काही अडवत नाही. त्या इमारतीत आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागताच लाइन तोडणारा खटका, नव्हती. मुलगा स्टुलावरून मागे फेकला गेला, आणि पडल्यामुळेच त्याचा हात सुटला. मनगट मोडलं. जीव वाचला, पण त्यात आमच्या देखरेखीचा काहीच हात नव्हता.

आम्ही त्याच्यापासून तीन मजले खाली होतो. मोजून आठ-दहा मिनिटं. त्या दिवसाच्या रजिस्टरमध्ये ‘देखरेख’ या रकान्यात माझी सही होती, सकाळीच केलेली.

वीज लागून माणूस जखमी झाला की अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे त्याची सूचना विद्युत निरीक्षकाकडे जाते. आम्ही ती दिली. निरीक्षक आले, परवाना बघितला, माझं सर्टिफिकेट बघितलं, वायरमनचं परमिट बघितलं. सगळं चोख होतं. मग त्यांनी एकच विचारलं, “तो जोड उघडला तेव्हा कोण बघत होतं?”

तेव्हापासून प्रत्यक्ष देखरेखीचं माझं माप साधं आहे. मी किंवा माझा वायरमन ‘थांब’ म्हणालो, तर तो शब्द मुलाच्या हाताआधी पोचला पाहिजे. एकाच खोलीत असू तर पोचतो. शेजारच्या खोलीत, दार उघडं असेल तर कदाचित पोचतो. वरच्या मजल्यावर पोचत नाही. फोनवर तर नाहीच. व्हिडिओ कॉलवरही नाही, कारण मुलगा कॅमेरा दाखवतो तेवढंच तुम्हाला दिसतं, आणि जे त्याला कळत नाही ते तो दाखवत नाही. त्या काळ्या वायरीत काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. तो मला फोनवर म्हणाला असता, “साहेब, लाइन बंद आहे, टेस्ट केलं,” आणि मी त्याला पुढे जा म्हणालो असतो.

या मापाने बघितलं तर आकडा आपोआप ठरतो. पाइप टाकणं, भिंतीत झिऱ्या मारणं, बॉक्स बसवणं चालू असेल आणि इमारतीत कुठेच सप्लाय नसेल, तर एक वायरमन दोन-तीन मुलांकडे बघू शकतो. जुन्या वायरिंगचे जोड उघडायचे असतील तर एका वेळी एकच मुलगा, आणि वायरमनच्या हातात दुसरं काम नाही. डीबीत, म्हणजे सगळी सर्किटं जिथून निघतात त्या बोर्डात, हात घालायचा असेल तेव्हा मुलगा बघणार, करणार नाही.

‘इमारतीत सप्लाय नाही’ हे वाक्यही तपासून बघा. नव्या बांधकामावर तात्पुरतं कनेक्शन असतंच. एका लाकडी फळीवर लावलेलं सॉकेट, त्यातून व्हायब्रेटरला, कटरला, पाण्याच्या मोटरला गेलेल्या वायरी, प्लगऐवजी सोललेली टोकं काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेली. हे चित्र तुम्हाला नवीन नाही. मुलगा आपल्या पाइपमधल्या वायरीला घाबरतो आणि या वायरीवरून बिनधास्त चालत जातो. माझ्या साइटवर मुलाचं पहिलं काम तात्पुरत्या सप्लायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का ते बघायचं आणि तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते, म्हणजे लाइन तोडते, का ते मला दाखवायचं. नसेल तर आम्ही आमची बसवतो, मग कामाला हात लावतो. बिल्डर कुरकुर करतो, करू द्या.

आता चालू लाइनबद्दल. इथे नियम एकदम कडक आहे आणि त्यातला एक शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. चालू लाइनवर किंवा चालू उपकरणावर, त्यासाठी नेमलेला नसेल अशा कोणी काम करू नये, एवढंच नियम म्हणत नाही. असं काम करणाऱ्याला, तसा नेमलेला नसेल अशा कोणी मदतही करू नये, असंही म्हणतो. मदत! म्हणजे चालू पॅनलपुढे वायरमन उभा आहे आणि मुलगा बॅटरी धरून उजेड दाखवतो आहे, हेसुद्धा नको. स्पॅनर हातात देणं नको. शिडी धरणं नको. ही रोजची दृश्यं आहेत आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण मुलगा ‘काही करत नाहीये’. पॅनलमध्ये शॉर्ट झाला तर ज्वाळा कोण काय करतो आहे हे बघत नाही. बॅटरी धरणारा बहुतेक वेळा वायरमनपेक्षा जवळ वाकलेला असतो, त्याला बघायचं असतं ना! शिकायची हौस असलेला मुलगा जास्त वाकतो. म्हणून अशा वेळी मी मुलांना खोलीबाहेर काढतो आणि काम झाल्यावर, लाइन बंद करून, पॅनल उघडून दाखवतो. तेवढा वेळ माझा जातो. तो मी कामाच्या खर्चात धरतो.

कारखान्यात काम घेत असाल तर आणखी एक गोष्ट. वीज पुरवणाऱ्याने आणि वापरणाऱ्यानेही वीजवाहिन्या व उपकरणांवर काम करण्यासाठी माणसं नेमायची आणि त्यांची नावं, कशासाठी नेमली, हे रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचं असतं. सक्षमतेचं प्रमाणपत्र किंवा परमिट नसलेल्याचं नाव त्यात घालता येत नाही. कारखान्याचा मेंटेनन्सचा माणूस सोयीसाठी म्हणेल, “तुमच्या पोरांचीही नावं टाकून ठेवू, गेटवर अडचण नको.” गेटपास वेगळा करून घ्या. त्या रजिस्टरमध्ये शिकाऊ मुलाचं नाव जाऊ देऊ नका.

किरकोळ कामाची सूट अशी आहे: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलणं, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. मूळ शब्द ‘बदलणं’ हा आहे. जुना पंखा काढून त्याच जागी नवा लावला, सूट लागू. जिथे पंखा नव्हता तिथे पॉइंट काढला, सूट संपली. सहा अँपिअरचं सॉकेट काढून गीझरसाठी सोळाचं बसवलं, सूट संपली, कारण क्षमता बदलली आणि मागची वायर ती पेलेल का हा प्रश्न उभा राहिला. एसीसाठी वेगळी लाइन ओढणं तर सरळसरळ नवीन काम आहे. तुमच्या प्रश्नातलं ‘एखादा पॉइंट काढणं’ म्हणूनच किरकोळात येत नाही.

पंखा बदलायला तरी एकट्याला पाठवावं का? नियम अडवत नाही. मी पाठवत नाही. गिऱ्हाईकाच्या घरी मुलगा एकटा असला की तिथला प्रत्येक माणूस त्याचा साहेब होतो. “आलाच आहेस तर हे बघ, हे सॉकेट गरम होतं.” एकोणीस वर्षांच्या मुलाला नाही म्हणता येत नाही. तो पंख्यासाठी गेलेला असतो आणि अर्ध्या तासाने मीटरच्या बोर्डात हात घालून उभा असतो. नाही म्हणायलाही शिकवावं लागतं आणि ते शिकायला टेस्टर वापरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता दुसऱ्या कायद्याकडे. तो तुमच्या प्रश्नात आला नाही, पण तुम्ही रीतसर करार केला आहे म्हणून तो तुम्हाला पूर्ण लागू आहे. आतापर्यंत सांगितलं ती कामावरची देखरेख झाली. प्रशिक्षणार्थी अधिनियमात शिकवण्याची देखरेख वेगळी सांगितली आहे. कलम ११ प्रमाणे तुम्ही स्वतः त्या व्यवसायात पात्र नसाल, तर पात्र माणसाला मुलाच्या प्रशिक्षणाचा प्रमुख नेमायचं. कलम १८ म्हणतं शिकाऊ हा कामगार नाही, आणि पुष्कळ ठेकेदार तिथेच वाचणं थांबवतात. पण कलम १४ प्रमाणे कारखान्यात किंवा खाणीत शिकत असेल तर आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी त्याला कामगारासारख्याच लागू होतात आणि कलम १६ प्रमाणे कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. कलम १९ प्रमाणे त्याच्या प्रगतीची नोंद ठेवायची.

कलम ३० मधली एक गोष्ट तुमच्यासारख्या धंद्यात विशेष लागू पडते. शिकाऊ मुलाला त्याच्या प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम देणं आणि त्याला नगावर पैसे देणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. पॉइंटमागे पैसे ही आपल्या धंद्यातली जुनी रीत आहे. ‘पोरगं चटपटीत आहे, पॉइंटमागे वर काहीतरी देतो’ म्हणणारा ठेकेदार मनाने चांगला असतो, मला ते ठाऊक आहे. पण पॉइंटमागे पैसे मिळायला लागले की मुलगा लाइन बंद करायला खाली जात नाही. तीन मजले उतरायचे, एमसीबी पाडायची, परत चढायचं, तेवढ्यात अर्धा पॉइंट होतो. हा कायदा करणाऱ्यांनी पॉइंटचा विचार केला होता का माहीत नाही, पण नगावर पैसे देण्यावरची बंदी शिकाऊ वीजतंत्र्याचा जीव वाचवते, एवढं मी अनुभवाने सांगतो.

करार न करता ‘हाताखाली’ ठेवलेली मुलं तुमच्याकडे असतील, तर ती शिकाऊ नव्हेत. ते कामगार आहेत आणि त्यांना कामगाराचं सगळं द्यावं लागेल. अठराच्या आतला मुलगा तर विजेच्या आसपासही नको. त्याचे वडील स्वतः घेऊन आले तरी नको.

तीन साइट आणि दोन वायरमन यांचं गणित कसं बसवायचं? माझ्या मते बसत नाही, आणि ते बसवायचा प्रयत्न करू नका. पहिल्या साइटवर वायरमन आणि दोन मुलं, दुसऱ्या साइटवर वायरमन आणि एक मुलगा. तिसरी साइट सुपरवायझरच्या मोजमापाची, मटेरियल काढण्याची, टेस्टिंगची, पण मुलांशिवाय. ज्या दिवशी कुठलीही साइट चार्ज करायची, म्हणजे नव्या वायरिंगला सप्लाय द्यायचा असेल त्या दिवशी सुपरवायझर तिथेच, बाकी काही नाही. ५०० व्होल्टचा मेगर (वायरींचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) एक मिनिट लावून किमान १ मेगओहम दिसतो का, अर्थिंग बघितलं का, प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटची आहे का, हे त्याने स्वतः बघायचं. मुलाने रीडिंग लिहायचं. टेस्ट रिपोर्टवर शेवटी तुमचा परवाना क्रमांक जातो आणि त्या कागदाच्या भरवशावर वीज कंपनी सप्लाय जोडते. रिकामा टेस्ट रिपोर्ट सही करून वायरमनच्या बॅगेत ठेवण्याची पद्धत मी बघितली आहे. ती तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा.

आता शिकवण्याबद्दल थोडं, कारण मुलांना लांब ठेवूनच सुरक्षा सांभाळली तर ती वर्षाने परमिटला अर्ज करतील तेव्हा त्यांना काही येत नसेल. २०११ नंतर मी गोडाउनमध्ये एक फळी बनवली. तिच्यावर दोन एमसीबी, दोन दिवे, एक जंक्शन बॉक्स. एका दिव्याचा न्यूट्रल मुद्दाम दुसऱ्या सर्किटमधून घेतलेला. सप्लाय २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा, दिवेही त्याच व्होल्टेजचे, म्हणजे चुकलं तरी काही होत नाही. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिली एमसीबी बंद करायला लावतो आणि विचारतो, “आता काळ्या वायरीचा जोड उघडायला हरकत आहे?” आजवर एकाही मुलाने हरकत आहे म्हटलेलं नाही. मग तो जोड उघडतो आणि शेजारचा दुसरा दिवा विझतो. मी म्हणतो, मीटर लाव. सुट्या काळ्या टोकावर मीटर २४ दाखवतो. मुलं दोन-तीनदा लावून बघतात. एकाने मीटर खराब आहे म्हणून दुसरा मागितला होता.

त्या फळीवर मी त्यांना तपासण्याचा क्रम घोटून घेतो. आधी मीटर चालू लाइनवर लावून तो काम करतो याची खात्री. मग बंद केलेल्या जागी फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही जोड्या. मग परत चालू लाइनवर, मधल्या वेळात मीटर किंवा त्याची वायर गेली नाही ना, ते बघायला. साधा निऑन टेस्टर मी या कामाला वापरू देत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून रबरी चपला घातल्या की तो चालू लाइनवरही मिणमिणतो किंवा लागतच नाही. आणि जोड सोडल्यावर, सुट्या टोकांना हात लावायच्या आधी, परत एकदा तपासायचं. हे शेवटचं मुलांना कंटाळवाणं वाटतं. नाशिकच्या त्या मुलाला नेमकं हेच कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायचं काम माझं होतं.

एमसीबी बंद केली की तिला कुलूप लावायचं आणि किल्ली ज्याचा हात वायरीत आहे त्याच्या खिशात. वायरमनच्या नाही, माझ्याही नाही, मुलाच्या. राहत्या इमारतीत पंखा बंद पडला की कोणीतरी जिन्यात येऊन खटके वर करतंच, पाटी वाचायला थांबत नाही. एमसीबीला बसणारं कुलूप स्वस्त मिळतं. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करायचा, त्याच्या बॅटरीची वायर काढायची. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर चालू होतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळे विसरतात.

तुम्हाला रोजच्या नोंदीचा नमुना हवा असेल तर मी असा ठेवतो: तारीख, साइट, मुलाचं नाव, त्या दिवशी त्याने काय केलं, लाइन कुठून आणि कोणी बंद केली, आणि त्याच्याजवळ कोण होतं. शेवटच्या रकान्यात वायरमनचं नाव, परमिट क्रमांक, किती ते किती वाजेपर्यंत. सही संध्याकाळी, काम संपल्यावर. सकाळी करायची नाही. वायरमन मध्येच साइट सोडून गेला तर ती वेळ लिहायची आणि त्या वेळेत मुलाने काय केलं तेही. माझ्या रजिस्टरात तिथे बहुतेक वेळा ‘चहा’, ‘झाडलोट’, ‘वायरची मापं घेतली’ असं असतं. निरीक्षकांनी ते कधी मागितलं तर दाखवता येतं, आणि कलम १९ ची प्रगतीची नोंदही त्याच वहीतून निघते.

वर्षभराने मुलं अखिल भारतीय व्यवसाय चाचणी देतील. तिचं प्रमाणपत्र हातात आल्यावर लगेच परमिटचा अर्ज करायला लावा. फी तुम्ही भरा, मी भरतो. परमिट येईपर्यंत मधले काही महिने मोठे फसवे असतात. मुलगा करारातून सुटलेला असतो, काम उत्तम करत असतो, सगळे त्याला वायरमन म्हणायला लागलेले असतात, आणि तो स्वतःही. त्या महिन्यांतही शेवटच्या रकान्यात त्याचं नाव लिहू नका. परमिटचा क्रमांक आला की त्या दिवसापासून लिहा.